चांगल्या गोष्टींची वही

छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२६

रत्ने,

राग गेला असेल असं धरून लिहितेय. गेला नसला तरी वाच. मोबाईलवर राजकारण बोलायचं नाही, खरं तर मोबाईलवर बोलायचंच नाही, जे काय असेल ते कागदावर, हा नियम निवडणुकीच्या भांडणानंतर तूच काढलास. बरंच केलंस. फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकून भडकतेस आणि मी तुझं सुरू व्हायच्या आधीच. गीताबाई संध्याकाळच्या एसटीनं फुलंब्रीला परतताना हे तुझ्या घरी देईल. क्लिनिकमधल्या नोंदी, चहा, फरशी सगळं तीच बघते, आता टपालखातंही तिच्याकडेच.

मन थाऱ्यावर नाही माझं, म्हणून लिहायला बसले.

सावनीची लग्नानंतरची पहिली संक्रांत झाली. काळी साडी, हलव्याचे दागिने, घरात चाळीस बायका. केयूर पुण्याहून तिच्याबरोबर आला होता, पण कामासाठी त्याच संध्याकाळी परत गेला. बायका पांगल्यावर सावनी स्वयंपाकघरात आली आणि तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "आई, मी परत नाही गेले तर चालेल?"

मी तिला समोर बसवलं. "मारतो?" "नाही." "पितो?" "नाही." "बाहेर काही?" "नाही गं." "सासू?" "त्या नाशिकला असतात." "मग झालं तरी काय?" तर म्हणे, "काही नाही. नुसता जीव गुदमरतो."

अगं, क्रांती चौकातल्या क्लिनिकमधल्या खुर्चीत बसून मी रोज हेच ऐकते. लग्नाला आठ महिने झालेले आणि एसी कितीवर ठेवायचा यावरून घटस्फोट हवा! मी सांगते, बाळांनो, पहिलं वर्ष नव्या चपलेसारखं असतं, चावतं. म्हणून कोणी अनवाणी फिरत नाही. माहेरचा फोन दिवसातून एकदाच ठेवा, घर आधी लागू द्या. तू म्हणशील, झालं हिचं प्रवचन सुरू. असू दे. आहे मी जुन्या वळणाची, आणि मत कुणाला देते तेही तुला ठाऊक आहे. घर टिकलं तर बाकीचं टिकतं असं मला वाटतं, आणि ते पोथी वाचून नाही, वीस वर्षं माणसं ऐकून वाटतं.

शिवाय केयूर मी पारखून घेतलेला मुलगा. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात लग्नाआधीचं समुपदेशन मी करते, या दोघांचंही मीच केलं. श्रीरंग तेव्हा म्हणाले होते, "स्वतःच्या मुलीचं तू करू नयेस." शेंद्र्याच्या कंपनीत यंत्रं सांभाळणाऱ्या नवऱ्यानं मला माझं शास्त्र शिकवावं! केयूरची उत्तरं अजून पाठ आहेत मला. एकदासुद्धा आवाज चढला नाही त्याचा.

तर मी तिला समजावलं, आणि रुखवतात ठेवलेल्या वहीची आठवण करून दिली. माझ्याकडच्या प्रत्येक जोडप्याला मी ती देते. रोज जोडीदाराची एक चांगली गोष्ट लिहायची, तक्रार लिहायची नाही. काल मध्यवर्ती बसस्टँडवर जाऊन तिला पुण्याच्या गाडीत बसवून आले. तिनं खिडकीतून मागे पाहिलं नाही. आल्यापासून तीनदा ओटा पुसलाय.

तुझे गुडघे काय म्हणतात?

प्रमोदिनी


फुलंब्री
२१ जानेवारी २०२६

पमे,

राग कसला, राग यायला वेळ कुठंय? चौथीची अडतीस पोरं आणि दोन गुडघे, दोन्ही ऐकत नायत. उभी राहिले की बसता येत नाय, बसले की उठता येत नाय. लई बेजार झालेय.

पाकिटावर मुद्दाम 'औरंगाबाद' लिहिलंय, बघ. गीताबाईच्या हाती जाणार म्हणजे पत्ता लिहायची गरजच नव्हती. तुला चिडवायला लिहिला.

सावनीचं वाचलं. एक विचारू? मारतो का, पितो का, सगळं विचारलंस. ती म्हणाली जीव गुदमरतो. मग कशानं गुदमरतो, हे विचारलंस का? तुझ्या चार प्रश्नांना 'नाही' आलं म्हणून पोरीचा पेपर कोरा होत नाय. वर्गातलं पोरगं पोट दुखतंय म्हणलं, तर मी आधी काल काय खाल्लं ते विचारते. खोटं बोलतंय का, ते मागून.

मला माझ्या बापानं तीन वेळा सासरी नेऊन घातलं होतं. चौथ्यांदा मी माहेरी गेलेच नाय, विद्यापीठाच्या वसतिगृहात तुझ्या खोलीत आले. नवरा आणि दीर फाटकाशी उभे राहिले तेव्हा "रत्नमाला इथं राहतच नाही, तुम्हाला कुणी सांगितलं?" असं तोंड वर करून कोण म्हणालं होतं? काय ठणठणीत खोटं बोलली होतीस! ती पोरगी मला अजून लई आवडते. हल्ली तिची गाठ पडत नाय.

तुझी,
रत्ना


छत्रपती संभाजीनगर
२२ फेब्रुवारी २०२६

रत्ने,

तुझी गोष्ट निराळी होती. तुझ्या पाठीवर वळ होते, मी स्वतः हळद लावलीय त्यांना. तसं असेल तिथं मी आजही कुणाची भीड ठेवत नाही. गेल्याच महिन्यात एका मुलीला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेलं मी. पण सावनीला केयूरनं बोटसुद्धा लावलेलं नाही. प्रत्येक अवघड दिवसाला छळ म्हणायला लागलो तर एक घर उभं राहायचं नाही.

आणि बघ, वहीचा गुण आला! दर आठवड्याला ती एका पानाचा फोटो पाठवते. मला इतकं भरून आलं की नाव न घालता त्यातल्या ओळी मी पेपरातल्या माझ्या रविवारच्या 'घरपण' सदरात घेतल्या. कात्रण सोबत आहे. तू तो पेपर घेत नाहीस, म्हणून इथंच उतरवते:

"एका नव्या नवरीची वही माझ्यासमोर आहे. 'आज तो रागावला नाही.' 'आज त्याने मोबाईल जेवणाआधीच परत दिला.' 'आज त्याला भाजी आवडली, त्यामुळे जेवण वेळेवर झालं.' 'आज खालच्या दुकानात मला एकटीला जाऊ दिलं.' 'आज बाबांशी बोलले. तो शेजारीच बसला होता.' वाचकहो, केवढेसे हे आनंद! पण संसाराला चव येते ती अशा चिमूटभर गोष्टींनीच."

कितीतरी जणींचे फोन आले. एक आजी तर रडल्या.

मे महिन्यात अधिक मास लागतोय. पहिल्या धोंड्याला जावई जेवायला येणार, तेहतीस अनारसे मी घरीच करणार आहे. कुणाकडून करून आणणार नाही.

म्हणजे खूश असायला हवं मी. पण आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं, टाक्या भरून वाहायला लागल्या तरी मी तिथंच उभी. श्रीरंग धावत आले, "अगं, बंद कर की!" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाळीचं वय, दुसरं काय.

प्रमोदिनी


फुलंब्री
२५ फेब्रुवारी २०२६

पमे,

कात्रण मधल्या सुट्टीत वाचलं, मग घरी येऊन वाचलं, मग चुलीवर दूध उतू गेलं तरी वाचत होते.

अगं बाई, ह्या चांगल्या गोष्टी नायत. 'आज रागावला नाही' म्हणजे रोज रागावतो. 'मोबाईल परत दिला' म्हणजे काढून घेतो. 'एकटीला जाऊ दिलं' म्हणजे जाऊ देत नाय. भाजी आवडली नाय तर जेवण किती वाजता होतं, आणि कुणाचं होत नाय, हे विचारलंस तिला? पोरगी बापाशी बोलते तेव्हा नवरा शेजारी बसून काय करतो?

तू तक्रार लिहायला बंदी केलीस. तिनं तुझी बंदी पाळली आणि तरीबी सांगितलं. अजून काय करायचं तिनं? आणि तू ते छापलंस!

दुसऱ्या कुणाची लेक ही वही घेऊन तुझ्या खुर्चीसमोर बसली असती तर पहिल्या दोन ओळींतच तू ओळखलं असतंस. तू तुझ्या कामात हुशार आहेस, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणत नाय, आज म्हणते. लेकीपुरतं तुला दिसेनासं झालंय.

उद्याच्या उद्या पुण्याला जा. हात जोडते.

रत्ना


छत्रपती संभाजीनगर
१० मार्च २०२६

रत्नमाला,

पुण्याला जायची गरज पडली नाही. होळीनंतर दोन दिवसांनी सावनी स्वतःच आली, न कळवता, एका पिशवीत दोन ड्रेस घेऊन. तुझं पत्र डोक्यात होतंच, म्हणून विचारलं, "मोबाईल काढून घेतो तुझा?" म्हणाली, "दिवसा कपाटात ठेवतो." मी म्हटलं, अगं, मोबाईल थोडा लांब असलेला बराच, मी स्वतः जोडप्यांना सांगते. तर हसली. "हो," म्हणाली, "तोही असंच म्हणतो." रत्ने, ते हसणं मला आवडलं नाही. पण हसणं आवडलं नाही म्हणून संसार मोडायचा नसतो.

केयूरचा फोन आला. किती नम्र मुलगा! "आई, तुम्ही सांगाल तसं करू. माझं काही चुकत असेल तर मला समजवा." असा जावई शोधून मिळायचा नाही. श्रीरंग म्हणाले, "राहू दे की चार दिवस." चाराचे चाळीस होतात आणि चाळिसाचे कायमचे, हे मी पाहिलंय. मी स्वतः तिला बसस्टँडवर नेलं, खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. गाडी सुटेपर्यंत उभी होते.

पाठवलं. बरोबर केलं. तुला पटो न पटो, बरोबरच केलं.

तू शिक्षिका आहेस, मानसशास्त्रज्ञ नाहीस. आणि जिनं स्वतः पुन्हा संसार मांडला नाही, तिला प्रत्येक घरात तेच दिसणार. हे लिहून गेले. खोडत नाही.

प्रमोदिनी


फुलंब्री
२ एप्रिल २०२६

पमे,

तुझ्या त्या पत्राला उत्तर द्यायचं नाय असं ठरवलं होतं. तीन आठवडे दिलं नाय. मग म्हणलं, जाऊ दे. तीस वर्षांची मैत्री एका ओळीनं बुडवायला आपण काय शेजारच्या गल्लीतल्या बाया आहोत?

इथं ऊन मी म्हणतंय. परीक्षा तोंडावर आल्यात. माझे गुडघे मात्र बरे आहेत. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून वीस मिनिटं व्यायाम करते, काल तर मांडी घालून बसले.

तुझं कसं चाललंय? घरी सगळं ठीक आहे ना? काही सांगावंसं वाटलं तर सांग. मी रागावलेली नाय. खरंच सांग.

रत्ना


छत्रपती संभाजीनगर
४ एप्रिल २०२६

रत्ने,

पत्र पाहून जीव भांड्यात पडला. त्या ओळीबद्दल माफ कर.

आमच्याकडे सगळं उत्तम. पाडव्याला श्रीखंड केलं होतं. सावनी मजेत आहे, सध्या तिला बोलायला फारसा वेळ नसतो इतकंच. केयूरही बरा आहे. क्लिनिकमध्ये गर्दी. अक्षय्य तृतीयेला मेळावा आहे, त्यात माझं भाषण ठेवलंय. गुडघ्यांचं वाचून बरं वाटलं.

प्रमोदिनी

ता. क. ६ एप्रिल.
हे पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. वरचं सगळं खोटं आहे. बावीस मार्चला सावनी पुण्याच्या घरातून निघून गेली. मला एकच मेसेज आला: 'मी सुखरूप आहे. शोधू नका. पोलिसांत जाऊ नका.' मग फोन बंद. मी पुण्याला जाऊन आले, तिच्या सगळ्या मैत्रिणींना विचारलं. दर दोन दिवसांनी कुठल्या तरी अनोळखी नंबरवरून 'मी ठीक आहे' एवढंच येतं. त्या नंबरवर फोन केला की कुणी उचलत नाही. पेशंट समोर बोलत असतो आणि मी दाराकडे बघत असते. एका जागी बसवत नाही, रत्ने. जेवताना उठते, आंघोळीला गेले की अर्ध्यातून बाहेर येते, फोन वाजला की काय म्हणून. तुला सांगितलं नाही कारण लाज वाटली. तू बरोबर होतीस, एवढं लिहायला मला पंधरा दिवस लागले.


फुलंब्री
६ एप्रिल २०२६

पमे,

सावनी माझ्याकडं आहे. बावीस तारखेपासून. धडधाकट आहे, दोन वेळा जेवते. आधी श्वास घे, पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझं पत्र हातात पडलं आणि गीताबाईला उंबऱ्यातच थांबवून हे लिहितेय. ती शेवटच्या गाडीनं उलट तुझ्याकडं येईल. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्यावर ओरडू नको, तुझ्यासमोर गप्प बसून बसून तिच्या घशाखाली डबा उतरत नव्हता. ते मेसेज तिच्या नात्यातल्या बायांच्या फोनवरून जायचे.

पोरगी एसटीनं आली, शाळा विचारत विचारत. पहिलंच वाक्य, "मावशी, आईला कळवलंस तर मी इथूनही जाईन." तिच्या डोळ्यांत बघितलं, पमे, आणि कळलं की ही खरंच जाईल. म्हणून गप्प बसले. तुला दर दोन दिवसांनी खुशाली कळवायची, एवढं मात्र वदवून घेतलं. मागचं पत्र लिहिलं ते तू आपणहून सांगशील म्हणून. सावनी म्हणली, "आई नाही सांगणार, बघ." ता. क. तिला वाचायला दिलाय. वाचून आत गेली, अजून बाहेर आली नाय. गुडघ्यांचा व्यायाम तिनंच शिकवला. लग्नाआधी शिकलेलं विसरली नाय.

आता ती तुझ्याकडं का आली नाय, ते सांगते. तुझे 'घरपण'चे लेख केयूरनं कापून फ्रीजवर लावलेत. 'पहिलं वर्ष माहेरचा फोन दिवसातून एकदाच, शक्यतो दोघांच्या समोर.' तुझंच वाक्य. 'नवीन सुनेनं पहिलं वर्ष नोकरी बाजूला ठेवली तर घर लवकर लागतं.' तेही तुझंच. ती काही बोलली की तो आवाज न चढवता म्हणायचा, "मी कुठं म्हणतो, तुझी आई म्हणते. लावू तिला फोन?" आणि खरंच लावायचा. तू दोनदा त्याला म्हणालीस, "बरोबर आहे तुझं, केयूर." ती शेजारी बसून ऐकत होती. त्या घरात तो एकटा नव्हता गं. तू होतीस त्याच्या बाजूनं.

वही पाठवते. तुला कुठल्या पानाचा फोटो पाठवायचा ते तो ठरवायचा. उरलेली पानं वाच.

रत्ना


छत्रपती संभाजीनगर
११ एप्रिल २०२६

रत्ने,

वाचली. पेशंटची फाईल वाचते तशी, पेन हातात घेऊन, खुणा करत. तिसऱ्या पानावर पेन ठेवून दिलं.

'आज त्याने चार तासांनी दार उघडलं.' 'आज त्याने सर्वांसमोर माझी चूक सांगितली नाही, घरी आल्यावर सांगितली.' आणि सव्वीस फेब्रुवारीला: 'आज चांगलं काहीच सापडलं नाही. आई म्हणते, सापडतंच. बहुतेक मलाच शोधता येत नाही.'

हे मी केलं, रत्ने. डिसेंबरात त्यानं फोन करून विचारलं होतं, "सावनी थोडी हट्टी आहे, काय करू?" मी एकेक नियम सांगितला, तो लिहून घेत होता. मला केवढं कौतुक वाटलं! हजार जोडप्यांना मी हे सांगितलंय. त्यातल्या किती घरांतल्या फ्रीजवर असेल, कोण जाणे.

श्रीरंगांना वही दिली. त्यांनी दोन पानं वाचली आणि स्कूटर घेऊन कुठं तरी निघून गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

काल केयूर त्याच्या आईवडिलांना घेऊन आला. विहीणबाई म्हणाल्या, "धोंड्याच्या महिन्याच्या आत पोरीला घेऊन जाऊ." केयूर खाली मान घालून, शांत. "आई, मी तुमच्या लेखाबाहेर काहीच केलं नाही." मी म्हटलं, "लेख चुकला होता. आणि माझा लेख चुकला म्हणून तुझं दार लावणं बरोबर होत नाही. सावनी परत येणार नाही. पुढचं वकील बोलेल." दोन्ही हात मांडीखाली दाबून बोलले मी. त्यानं तेव्हाही आवाज चढवला नाही. मेळाव्यातलं भाषण नाही म्हणून कळवलंय.

माझी मतं बदलली असं समजू नकोस हं. घर मोडण्यात मला अजूनही काही थोर वाटत नाही. पण ते घर होतं असं मी कशावरून धरलं, हे आता रोज स्वतःला विचारते.

तिला म्हणावं, घरी ये. तिची खोली झाडून ठेवलीय.

प्रमोदिनी


फुलंब्री
१४ एप्रिल २०२६

आई,

घरी नाही येत.

रागानं नाही. आले की तू मला समोर बसवशील, आवाज मऊ करशील, आणि मला कळेल की आता तू मला बरी करायला घेतलीस. मला बरं नाही व्हायचंय. मला नुसतं राहायचंय. सकाळी उठून कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता चहा प्यायचाय.

गारखेड्यातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची जागा मिळालीय, एक मेपासून. जवळपास खोली हवी. एकट्या मुलीला कुणी देत नाही, मोठं माणूस बरोबर लागतं. मावशीच्या शाळेत परीक्षा आहेत, आणि बाबा गेले तर घरमालकासमोर रडतील.

तू येशील? एकटी मुलगी भाड्यानं राहते हे तुला पटत नाही, माहीत आहे. पटवून घेऊ नकोस. फक्त चल. आणि बोलू नकोस.

सावनी


छत्रपती संभाजीनगर
३ मे २०२६

रत्ने,

खोली मिळाली. तुला सगळं सांगायचंय, पण नीट क्रमानं जमेल असं वाटत नाही. सकाळपासून चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले.

गारखेड्यात भर उन्हात फिरलो. ती तीन पावलं पुढे, मी मागे. बोलायचं नाही असं ठरलेलं. जन्मात एवढा वेळ गप्प बसले नव्हते मी! ती किती वाळलीय, केस किती आखूड कापलेत, हे सगळं मागून बघत चालले होते आणि एक शब्द काढला नाही. उसाच्या रसाच्या गाडीपाशी ती थांबली, दोन ग्लास सांगितले, एक माझ्या हातात दिला. आम्ही तो उभ्यानं प्यायलो आणि पुढे निघालो.

पहिल्या घरी दार पुरतं उघडलंसुद्धा नाही. दुसऱ्या घरच्या गृहस्थांनी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "लग्न झालंय का? नवरा काय करतो? मग इथं का?" अगदी मी विचारते त्याच क्रमानं. सावनी खरं ते सांगत गेली आणि प्रत्येक उत्तरासरशी त्यांचा चेहरा मिटत गेला. "विचार करून कळवतो," म्हणाले.

तिसरं घर साळूबाईंचं. म्हाताऱ्या, खणखणीत. वरची एक खोली द्यायची होती. जिन्याखालीच त्यांनी सावनीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लगीन झालेली दिसतीस. मंगळसूत्र कुठंय?" तेच पुन्हा सांगायचं सावनीला जमेना. मान खाली गेली तिची. तीच मान, रत्ने, जी बसच्या खिडकीत मी दोनदा पाहिली होती आणि तिला संस्कार समजले होते.

मग म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तर शिकल्यासवरल्या दिसता. लेकीला समजावून नांदायला धाडायचं सोडून खोल्या काय हुडकत फिरता?"

माझ्या खुर्चीसमोर अशा किती आया बसल्या असतील. याच वाक्यानं मी त्यांना घरी पाठवलंय, फक्त माझी भाषा गोड असायची. काही बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं. सावनीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"धाडली होती," मी म्हटलं. "दोनदा. मीच बसमध्ये बसवून दिली होती. आता नाही धाडणार."

साळूबाई किल्ली आणायला आत गेल्या.

जिना अरुंद होता. सावनी पुढे चढत होती. चार पायऱ्या गेल्यावर थांबली, आणि मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिथंच उभी राहिली.

पमा